बिग ब्लॉक ५०२ च्या व्हॉल्व्ह स्प्रिंगा हेड न उतरवता बदलता येतील का?

खाडीकर_शारजा
नमस्कार मंडळी, मी शारजात बोटींच्या वर्कशॉपला कामाला आहे, गाव दापोलीकडचं. एक स्पीडबोट आलीय, दोन ५०२ मॅग एमपीआय (मर्क्रूझरची ५०२ घन इंचाची आठ सिलिंडरवाली पेट्रोल इंजिनं), दोन्ही इंजिनं बऱ्यापैकी चाललेली आणि मालक सुट्टीच्या दिवशी फुल थ्रॉटलच मारतो. डावं इंजिन ४९०० ला आरामात जातं, उजवं ४३०० च्या आसपास अडकतं आणि इनटेकमधून फटफट आवाज येतो, खालच्या आरपीएमला मात्र काहीच तक्रार नाही. फ्युएल प्रेशर ठीक आहे, प्लग, वायरी, कॅप सगळं नवीन टाकून झालं. मला तरी व्हॉल्व्ह फ्लोट वाटतोय, म्हणजे वरच्या आरपीएमला स्प्रिंग कमी पडून व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत नाही. सिलिंडर हेड काढायचं म्हणजे मॅनिफोल्ड, रायझर सगळं उतरवा, आणि दोन इंजिनांच्या मध्ये धड हातसुद्धा जात नाही. जागेवरच होईल का काम? आणि मालकाचं म्हणणं की टाकतोच आहोत तर जास्त कडक स्प्रिंगा टाका, ते ऐकावं का?

हेडवाला_पिंपरी
होईल जागेवर, पण आधी कॉम्प्रेशन आणि लीकडाउन (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती बघायची टेस्ट) घे भावा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर नीट बसत नसेल तर हेड उतरवायचंच आहे, मग वरून स्प्रिंगा बदलून पैसे आणि वेळ दोन्ही वाया. लीकडाउन करताना कान लाव, एक्झॉस्टमधून हवा येतेय की इनटेकमधून ते कळतं.
कडक स्प्रिंगबद्दल माझं स्पष्ट मत, नको. स्प्रिंग कॅमप्रमाणे निवडतात, स्टॉक कॅमला स्टॉक स्पेसिफिकेशनच. गरजेपेक्षा जास्त प्रेशर म्हणजे लिफ्टर, पुशरॉड, रॉकर सगळ्यांवर फुकटचा लोड, आणि पुढे कोणी जुना फ्लॅट टॅपेटवाला (लिफ्टरला रोलर नसलेला) ४५४ आणला तर त्यात कॅमचे लोबच खाऊन जातील. मालकाला समजाव की कंपनीने फुल थ्रॉटलची रेंज ४६०० ते ५००० दिलीय आणि चांगल्या स्टॉक स्प्रिंगा तिथपर्यंत बिनधास्त जातात.
जुनी एक जोडी काढून टेस्टरवर बघ. नुसती उंची मोजून समाधान मानू नको, उंची बरोबर असूनही प्रेशर गेलेलं असतं. मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा १० टक्के कमी भरलं की बदलायची, आणि बदलायच्या तर १६ च्या १६. बसवताना प्रत्येक व्हॉल्व्हची इन्स्टॉल्ड हाइट (बसलेल्या स्प्रिंगची उंची) मोज, कमीजास्त असेल तिथे शिम (पातळ चकती) टाक. फुल लिफ्टला कॉइल एकमेकींना टेकायच्या आधी एकूण दीड मिलिमीटर तरी गॅप उरली पाहिजे.

बिल्जब्लोअर_गोवा
वरच्या दादांनी बरोबर सांगितलंय, मी बोटीच्या बाजूने थोडं बोलतो. गाडीचं इंजिन हायवेला लावलं तरी मध्ये मध्ये श्वास घेतं, बोटीचं तासन्‌तास वरच्या आरपीएमला लोडखाली असतं. त्यात लाटेवरून बोट उडाली की प्रॉपेलर पाण्याबाहेर, लोड शून्य, आणि आरपीएम एका क्षणात लिमिटरला जाऊन आपटतो. स्प्रिंगा मरतात त्या तिथे. म्हणून मालकाला सांग की बोट हवेत गेली की थ्रॉटल मागे घ्यायचा, ही सवय लागली तर नव्या स्प्रिंगा टिकतील.
दुसरं म्हणजे गंज. रॉ वॉटर कूलिंग असेल तर थर्मोस्टॅट ६० डिग्रीच्या आसपासचा असतो, ऑइलमधला ओलावा पूर्ण उडत नाही, रॉकर कव्हरखाली घाम धरतो. आमच्याकडे पावसाळ्यात बोटी उभ्या राहतात तेव्हा हे फार बघायला मिळतं. स्प्रिंगवर टाचणीएवढा गंजाचा खड्डा पडला तरी चीर तिथूनच सुरू होते, त्यामुळे जुन्या स्प्रिंगा पुसून उजेडात नीट बघ.
काम करताना मी दोरी वापरतो. पिस्टन टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर येतो ती जागा) जरा अलीकडे, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, प्लगच्या भोकातून नायलॉनची मऊ दोरी आत भर, टोक बाहेर ठेव आणि क्रँक हाताने फिरव, पिस्टन दोरी दाबून थांबला की व्हॉल्व्ह खाली पडायचा प्रश्नच नाही. हवा भरूनही करतात, साधारण ६-७ बार, पण टीडीसी जरा चुकला की क्रँक फिरतो आणि बोट चेंगरतं, वर कंप्रेसर बंद पडायची धास्ती. १-८-४-३-६-५-७-२ या फायरिंगच्या क्रमाने गेलास की दर वेळी क्रँक फक्त ९० डिग्री फिरवायचा. रिटेनरवर (स्प्रिंगच्या वरची वाटी) सॉकेट ठेवून हातोडीने हलकी टिचकी दिली की ती धरून ठेवणारे छोटे लॉक सैल होतात, मॅग्नेटने उचल, आणि हेडमधली ऑइल परत जायची भोकं आधी कापडाने बुजव, लॉक आत पडला तर दिवस गेला. व्हॉल्व्हचे सील नवीनच टाक.
आणि हे सगळ्यात आधीचं, बॅटरी काढण्यापूर्वी बिल्ज ब्लोअर (बोटीच्या तळातली हवा बाहेर फेकणारा पंखा) निदान ४ मिनिटं चालव आणि वास घेऊन खात्री कर. पेट्रोलची वाफ खाली साचते.

मिशिगनचा_मराठी
उघडायच्या आधी व्हॅक्यूम गेज लावून बघा की. मॅनिफोल्डला लावा आणि आरपीएम हळूहळू वाढवा, स्प्रिंगा ढिल्या असतील तर आरपीएमबरोबर काटा जास्त जास्त थरथरतो. इग्निशनचा घोळ असेल तर काटा असा नाचत नाही. आणखी एक, जेन ६ (बिग ब्लॉकची नंतरची पिढी) असेल तर रॉकरला अ‍ॅडजस्टमेंट नसते, मॅन्युअलच्या टॉर्कला बोल्ट घट्ट केला की झालं. जुन्या मार्क ४ सारखं शून्य लॅश करून वर अर्धा-पाऊण फेरा द्यायला जाऊ नका. पुशरॉड मात्र ज्याच्या त्याच जागी परत.

खाडीकर_शारजा
सगळ्यांचे मनापासून आभार. लीकडाउन घेतलं, आठही सिलिंडर ठीक आहेत, म्हणजे हेड वाचलं. गेजचा काटा ३००० च्या पुढे चांगलाच थरथरतोय. रॉकर कव्हर उघडल्यावर ६ नंबरच्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट स्प्रिंगमधला डँपर (स्प्रिंगची थरथर मारणारी आतली पट्टी) तुटलेला सापडला, आणि काढलेली जोडी टेस्टरवर १० टक्क्यांपेक्षा बरीच खाली भरली. स्टॉकच्याच १६ मागवल्यात, सीलसकट. डाव्या इंजिनाचीही एक जोडी काढून मोजतो, तीही उतरली असेल तर दोन्ही इंजिनांचं एकदमच करू म्हणून मालकाशी बोललोय, थ्रॉटलचंही सांगितलं. दोरी मरीन स्टोअरमधून आणलीय, १० मिमीची चालेल ना?

बिल्जब्लोअर_गोवा
जाड होईल, ६-८ ची घे, प्लगच्या भोकातून सुखाने जाते. टोकाला आधी गाठ मार.