सल्ला हवा आहे : रोमन स्त्रीचा पोशाख, १५०० रुपयांत

विंगेतली : महाविद्यालयाच्या एकांकिकेत मी रोममधील सुधारक नेते ग्रॅकस बंधू यांची आई कॉर्नेलिया हिची भूमिका करीत आहे. काळ इसवी सनपूर्व दुसरे शतक. पोशाखासाठी १५०० रुपये मंजूर झाले आहेत. काय घ्यावे, कृपया सुचवावे.

भाड्याचा मुकुट : शिवत बसू नये. आम्ही गेल्या वर्षी ४००० रुपये भाडे मोजून पांढऱ्या सॅटिनचा टोगा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचे रोमन वस्त्र, आणला होता आणि परीक्षकांनी वेशभूषेचा खास उल्लेख केला होता.

जुनी नाणी : टोगा हा पुरुष नागरिकाचा पोशाख होता, पुढच्या काळातील लॅटिन साहित्यात स्त्रीच्या अंगावरचा टोगा वेश्येची खूण म्हणून येतो. स्त्रीसाठी आत ट्युनिक, म्हणजे साधा अंगरखा, त्यावर खांद्याच्या पट्ट्यांवर तोललेला, छातीखाली बांधलेला पायघोळ स्टोला, आणि बाहेर पडताना पाल्ला, म्हणजे डोक्यावरूनही घेता येणारे लांब पांघरूण. स्टोला ही विवाहित कुलीन स्त्रीची ओळख होती. कॉर्नेलियाच्याच काळातल्या सुल्पिकियस गॅलसने बायको उघड्या डोक्याने बाहेर गेली म्हणून तिला सोडून दिल्याची कथा आहे, तेव्हा पाल्ला विसरू नये.

सुईदोरा : टोग्याबद्दल सहमत, सॅटिनबद्दल तर बोलूच नये. माझा सॅटिनचा स्टोला दिव्यांखाली भांड्यासारखा चमकला, दुसऱ्या प्रवेशात खांद्याची पिन सुटली आणि उरलेले संवाद मी एक हात छातीशी धरून म्हटले. रोमन कपडा मुख्यतः लोकरीचा असे. पातळ लोकरीचे दहा मीटर कापड घ्यावे, खर्चाकडे पाहू नये. काठाचे कापड मात्र मुळीच नको.

तगरचा व्यापारी : लोकरच का? तगर, म्हणजे धाराशिवजवळचे आपले तेर, येथून मलमल भडोचच्या बंदरात जात असल्याचे पेरिप्लस या ग्रीक सागरी व्यापाराच्या पुस्तकात नोंदलेले आहे आणि भारत दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो, अशी रोमन लेखक थोरल्या प्लिनीची कुरकुर आहे.

जुनी नाणी : ती दोन्ही पुस्तके इसवी सनाच्या पहिल्या शतकातली आहेत. कॉर्नेलिया त्याआधी सुमारे दोनशे वर्षे होऊन गेली.

घाईत आहे : वरचे सगळे वाचलेले नाही, परंतु पांढरा टोगा शोभून दिसेल. पुतळे पांढरेच असतात.

जुनी नाणी : पुतळ्यांचा रंग उडाला आहे. इसवी सनपूर्व २१५ च्या ओपियन कायद्याने स्त्रियांच्या रंगीत वस्त्रांवर बंदी घातली आणि बायका रस्त्यावर उतरल्यानंतर १९५ मध्ये तो रद्द झाला. सगळ्याच पांढरे नेसत असत्या, तर बंदी कशावर घातली असती?

विंगेतली : सर्वांचे आभार. लोकर परवडत नाही आणि मलमल पारदर्शक दिसते, म्हणून आजीचे फिक्या हळदी रंगाचे सुती नऊवारी लुगडे घेत आहे. त्याचा पन्हा माझ्या काखेपासून घोट्यापर्यंत नेमका पुरतो. तीन मीटरचा स्टोला होईल आणि उरलेल्याचा पाल्ला. वरचा काठ पाल्ल्याखाली झाकेन, खालचा मात्र ठेवणार आहे, कारण स्टोल्याच्या संदर्भात येणारा लॅटिन शब्द 'इन्स्टिटा' म्हणजे खांद्याची पट्टी की पायाशी असलेली किनार, याबद्दल अभ्यासकांचेही एकमत नाही.

भाड्याचा मुकुट : तरीही टोगा एकदा पाहून यावा.