मदत हवी आहे: जुनं घर खाडीकाठच्या वाडीत घ्यावं की वरच्या?

दापोलीजवळच्या आंजर्ले-केळशी पट्ट्यात चिऱ्याची, कौलारू अशी दोन जुनी घरं पाहिली आहेत. बारमाही राहायचंय, सोबत सत्तरीपुढचे आईवडील.

खालचं घर खाडीपासून ४० मीटरवर, गाडी दारापर्यंत. वासे पक्के. पण जोत्यापासून हातभर उंचीपर्यंत पांढरा खार फुटलाय, सिमेंटचा गिलावा बोट लावलं की पीठ होऊन गळतो. विहिरीचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मार्चमध्येच ११००. मे महिन्यात पाणी मचूळ होतं म्हणतात. सीआरझेडमुळे (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांमुळे) वाढीव खोली मिळणार नाही, हे धरलेलंच आहे. बोअरवेल कृपया सुचवू नका, खाडीलगत ती खारं पाणीच ओढते.

वरचं घर कोरडं, पाणी गोड. मात्र गाडीपासून शंभरेक पायऱ्यांची पाखाडी, तीही दुसऱ्याच्या आगरातून (बागेतून). त्याच्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात वहिवाटीची, म्हणजे जाण्यायेण्याच्या हक्काची नोंद नाही.

दोन्हींचे फेरफार, घरपट्टीचे उतारे पाहिलेत. सगळे सहहिस्सेदार सह्यांना तयार आहेत. आईवडिलांच्या गुडघ्यांमुळे माझा कल खालच्या घराकडे आहे.

सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा केला तर खार थांबतो, की जोत्याखालून ओल चढतच राहते? आणि पाखाडीसाठी आगरवाल्याशी नोंदणीकृत करार केला, तर तलाठ्याकडे इतर हक्कात नोंद होते का?