‘रक्तवाहिन्या फुटणे’ : कुठल्या अर्थानं?

कोथरूड : आरोग्यपुस्तिकेसाठी ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगावर लिहितेय. ‘गाठीत नव्या रक्तवाहिन्या फुटतात’ या वाक्याखाली संपादकांनी रेघ मारून विचारलंय, ‘म्हणजे रक्तस्राव?’ दुसरं काय लिहू? आणि यात जैविक घड्याळाच्या (शरीराची दिवस-रात्रीची लय राखणाऱ्या यंत्रणेच्या) जनुकांचा हात असतो, तिथे ‘घड्याळ बिघडल्यामुळे’ चालेल का?

सदाशिव पेठ : पालवी फुटते, पान्हा फुटतो, मिसरूड फुटतं. क्रियापद अस्सल आहे, घोळ कर्त्याचा. ‘मेंदूतली नस फुटली’ म्हटलं की घरचे ॲम्ब्युलन्सच बोलावतात. ‘जुन्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फुटतात’ लिहा; प्रत्यक्षातही बरंचसं तसंच घडतं. (शब्दाला फाटे फोडणं हा आमच्या पेठेचा जुना उद्योग, इथे कामी आला.) ‘वाहिनीजनन’ हा त्यासाठीचा शास्त्रीय शब्द कोशात राहू द्या.

पाषाण : ताई, ‘बिघडल्यामुळे’ नको. क्लॉक आणि बीमॅल-१ ही घड्याळाच्या जनुकांपासून बनणारी प्रथिनं जोडीनं इतर जनुकं चालू करतात. त्यातून तयार झालेली पर आणि क्राय ही प्रथिनं त्याच जोडीला आवरतात. ही फेरी साधारण २४ तासांची. ग्लायोब्लास्टोमाच्या मूलपेशींत (गाठ वाढवत ठेवणाऱ्या पेशींत) हीच जोडी गाठीसाठी राबते. क्लॉकमुळे ओएलएफएमएल-३ हे प्रथिन वाढतं, त्यातून एचआयएफ-१-अल्फा या दुसऱ्या प्रथिनामार्फत पेरिओस्टिन हे तिसरं वाढतं. हे पेरिओस्टिन पेशीबाहेर पडून रक्तवाहिनीच्या अस्तरपेशींतलं टीबीके-१ हे प्रथिन जागं करतं, आणि मग तुमचे फाटे. उंदरांवरच्या प्रयोगांत ही साखळी तोडल्यावर वाहिन्या कमी झाल्या. ‘बिघडलं’ लिहिलंत तर हिंजवडीत रात्रपाळी करणारा म्हणेल, ‘झोप उडालीय, म्हणजे मला गाठ होणार.’ या संशोधनातून तसं काही निघत नाही.

कोथरूड : मग ‘गाठ घड्याळाच्या जनुकांना वेठीला धरते’?

सदाशिव पेठ : वेठ म्हणजे फुकटची सक्तीची मजुरी, त्या अर्थी चपखल. पण संपाच्या बातम्यांनी ‘वेठीला धरणे’ म्हणजे नुसतं अडवून ठेवणं करून टाकलंय. ‘राबवून घेते’ बरं.

पाषाण : ‘राबवून घेते’ला माझंही मत. फक्त पुढे ‘रक्तपुरवठा तोडला की गाठ मरते’ असं वाक्य येऊ देऊ नका. नव्या वाहिन्यांना चिथावणारं व्हीईजीएफ हे प्रथिन रोखणारं बेव्हॅसिझुमॅब हे औषध नव्यानं निदान झालेल्या रुग्णांना देऊन पाहिलं होतं. २०१४ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले : आजार बळावायला थोडा उशीर झाला, आयुष्य मात्र वाढलं नाही. ‘वाढ काही काळ रोखता येते’ एवढंच लिहा.