पोमेस, एक्स्ट्रा लाइट की एक्स्ट्रा व्हर्जिन?

जुळेसोलापूरची_सून: सासऱ्यांना डॉक्टरांनी तेल बदलायला सांगितलं, म्हणून नणंदेने ऑलिव्ह ऑइलचा पाच लिटरचा डबा पाठवला. त्यावर ‘पोमेस’ लिहिलंय. दुकानात ‘एक्स्ट्रा लाइट’ही दिसलं, आणि एक्स्ट्रा व्हर्जिनची किंमत बघून मी बाटली परत ठेवली. नक्की फरक काय? आमच्याकडे रोज फोडणीची भाजी आणि भाकरी.

मठ्ठा_प्रेमी: लाइट घ्या, फॅट कमी असतं.

करडई_घाणा: नाही ओ. लाइट म्हणजे चव आणि रंग फिका, बाकी काही नाही. कुठलंही तेल घ्या, ग्रॅमला 9 कॅलरी.

ताई, माझा मंगळवार पेठेत घाणा आहे, त्यामुळे मी पेंडेपासून सांगतो. घाण्यातून निघालेल्या पेंडेत थोडं तेल उरतंच. ते सॉल्व्हंट प्लँटवाले हेक्झेन नावाच्या, तेल विरघळवणाऱ्या रसायनाने काढतात आणि मग रिफाइन करतात. पोमेस म्हणजे ऑलिव्हच्या चोथ्यातलं तसंच तेल, वर थोडं व्हर्जिन मिसळलेलं. खायला चालतं, पण एक्स्ट्रा व्हर्जिनच्या भावात कुणी गळ्यात मारू नये.

एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणजे फळ दळून, रसायन न लावता काढलेलं. त्याचं एफएफए, म्हणजे तेलात सुटं झालेलं आम्ल (फ्री फॅटी अ‍ॅसिड), 0.8 टक्क्याच्या आत लागतं. साध्या व्हर्जिनला 2 टक्क्यांपर्यंत सूट. फळ सडकं असेल किंवा तोडून ढिगात पडून राहिलं, तर एफएफए चढतं. आम्ही शेंगदाण्यालाही हेच बघतो. पण रिफाइंडचं एफएफए 0.3 च्या आतच येतं, कारण आम्ल कारखान्यात धुऊन काढलेलं असतं. म्हणून नुसत्या आकड्यावर दर्जा ठरत नाही. एक्स्ट्रा व्हर्जिनला चाखणाऱ्यांचं पॅनलही पास करावं लागतं. खवट, कुबट असा एकही दोष सापडला की ‘एक्स्ट्रा’ गेलं.

नुसतं ‘ऑलिव्ह ऑइल’ लिहिलेलं असेल तर ते रिफाइंड आणि व्हर्जिनचं मिश्रण.

जुळेसोलापूरची_सून: दादा, मैत्रिणीकडचं एक्स्ट्रा व्हर्जिन चाखलं होतं, घशात ठसका लागला. खराब असेल का?

करडई_घाणा: उलट! ताज्या तेलातल्या ओलिओकॅन्थल नावाच्या नैसर्गिक घटकाचा तो ठसका. खराब तेलाला जुन्या शेंगदाण्यासारखा वास येतो. डबा आलाय तर फोडणीला वापरा. एक्स्ट्रा व्हर्जिन घ्यायचंच तर काळ्या काचेची छोटी बाटली घ्या, गॅसपासून लांब ठेवा, शेंगा चटणीवर कच्चं घाला.

मठ्ठा_प्रेमी: शेंगा चटणीवर ऑलिव्ह? सोलापुरात राहता ना?

करडई_घाणा: मी करडईचंच घालतो. ताईंच्या सासऱ्यांचं डॉक्टरांना विचारा.