नवख्याने जेट नको, आधी ब्रिमस्टोन घ्या

इथे एकाने विचारलंय, व्हॅलोरंट हा ऑनलाइन नेमबाजीचा गेम नव्याने खेळताना जेट हा एजंट (म्हणजे पात्र) घेऊ का, आणि दोघांनी बिनधास्त घे म्हटलंय. मला अजिबात पटत नाही. जेटचं सगळं बळ तिच्या डॅशमध्ये, म्हणजे झटक्यात एका बाजूला झेपावण्यात. तो कधी मारायचा हे मॅप अंगवळणी पडल्याशिवाय कळत नाही, आणि नेम बसत नसेल तर टीमला तिचा फारसा उपयोग उरत नाही.

माझ्या परळच्या भाच्याला मी ब्रिमस्टोन धरायला लावला. सुरुवातीलाच मिळणाऱ्या 5 एजंटांत तो आहे. मनगटावरचा मॅप उघडायचा, जागा निवडायची, स्मोक (समोरच्याची नजर अडवणारा धूर) वरून पडतो. नेमाचा प्रश्नच नाही. पण राउंडला स्मोक तीनच! भाचा राउंड सुरू झाल्या झाल्या तिन्ही टाकून मोकळा व्हायचा. बाकीचे साइटवर (जिथे स्पाइक, म्हणजे बॉम्ब, लावायचा ती जागा) पोचेपर्यंत धूर विरलेला. मग त्याला एवढंच सांगितलं: असेंट या मॅपवर ए साइटला जाताना सगळे आत शिरायच्या बेतात असले की एक स्मोक हेवनवर, एक ट्रीवर (या तिथल्याच जागा). तिसरा स्पाइक लावल्यावर. आता तो माइकवर "थांबा, टाकतोय" म्हणतो आणि टीम खरंच थांबते.

सेज ही एजंटही चालेल, पण तिची भिंत चुकली तर आपल्याच माणसांची वाट अडते.

सर्व्हर मुंबईचाच ठेवा, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) कमी मिळतो. आणि 20व्या लेव्हलपर्यंत कॉम्पिटिटिव्ह (रँक मिळणारे सामने) उघडतच नाही, तोवर एजंट बदलू नका.