मर्जला ‘विलीनीकरण’ म्हणावं का?

रंकाळा : लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स प्रणालीच्या गाभ्याच्या, देखभालीवर मराठी टिपण लिहितोय. ‘मर्ज’ला, म्हणजे कोडच्या दोन शाखा एकत्र आणण्याला, शब्दकोशातला ‘विलीनीकरण’ वापरला, तर वाचायला जड वाटतो. दुसरं काय सुचतंय?

कळंबा : जडपणा सोडा, अर्थच चुकतोय. कोल्हापूर संस्थानाचं विलीनीकरण १ मार्च १९४९ला झालं आणि मुंबई राज्यात गेल्यावर संस्थान उरलं नाही. गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, तसं होत नाही. कमिट म्हणजे बदलाची एक नोंद; मर्ज कमिटला दोन पालक असतात, दोन्हीकडचा इतिहास जसाच्या तसा राहतो. चूक हुडकताना बायसेक्ट त्या शाखेतल्या एकेका कमिटपर्यंत जाऊन पोचतो. विरघळलं काहीच नाही.

रंकाळा : मग ‘संगम’? प्रयाग चिखली जवळच आहे की!

कळंबा : संगमाच्या खाली कुंभीचं पाणी कुठलं आणि भोगावतीचं कुठलं, सांगता येतं का?

शिरोली : ‘सांधा’ घ्या. क्रियापद ‘सांधणे’. दोन तुकडे जोडलेत हे डोळ्याला दिसतं, आणि तुटलं तर बहुधा तिथंच. सांध्यावर कारणही लिहायचं असतं: ही शाखा का आणली, तंटा कुठं झाला, कसा मिटवला. निव्वळ ‘मर्ज केलं’ एवढाच संदेश असला की वरचे लोक वैतागतात, आणि बरोबरच आहे त्यांचं. बोलताना मात्र आपण ‘मर्ज मारला’च म्हणणार.

रंकाळा : आणि ‘रीबेस’, म्हणजे आपले कमिट उचलून दुसऱ्या पायावर ठेवणं?

कळंबा : पुनर्लागण. तरवा उपटून दुसऱ्या वाफ्यात लावायचा. दिसायला रोप तेच, पण गिटच्या लेखी प्रत्येक कमिटचा हॅश, म्हणजे ओळखखूण, बदलतो. म्हणून स्वतःच्या मशीनवर हवी तेवढी करा. शाखा जाहीर करून कोणी तिच्यावर काम उभारलं की बंद.

शिरोली : त्यावरूनच ‘गोठवलेली शाखा’ हा शब्द लागतो. समजा, एकाच चिपमध्ये व्होल्टेज रेग्युलेटर, जीपीआयओ (साध्या इनपुट-आउटपुट पिना) आणि घड्याळ आहे, म्हणजे कर्नलचे तीन वेगळे विभाग, तीन उपप्रणाल्या आल्या. अशा वेळी एक देखभालकर्ता आरसी-१वर (नव्या आवृत्तीच्या पहिल्या चाचणी-प्रतीवर) छोटी शाखा काढतो, तिच्यात फक्त सामायिक पॅच, म्हणजे सगळ्यांना लागणारे बदल, ठेवतो, सही केलेला टॅग लावतो आणि बाकीच्यांना कळवतो. प्रत्येकानं तीच शाखा आपल्या झाडात, म्हणजे कोडच्या आपल्या प्रतीत, सांधायची. चेरी-पिक, म्हणजे सुटा पॅच उचलून घेणं, करू नये. नाहीतर एकच पॅच दोन हॅशांनी दोन वाटांनी वर जातो आणि पुढं एकानं त्याच ओळी बदलल्या की तंटा ठरलेला.

रंकाळा : ‘तंटा’ म्हणजे कॉन्फ्लिक्ट ना? मी ‘संघर्ष’ लिहिलं होतं.

कळंबा : संघर्ष मोर्चात. हा बांधावरचा तंटा: त्याच ओळींवर दोघांचा हक्क. फाइलीत बांधही दिसतो. वर सात ‘<’, मधे सात ‘=’, खाली सात ‘>’. आणि एक सवय मोडा: पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझी शाखा घ्या’ ही विनंती, पाठवण्याआधी लिनक्सचे प्रमुख लिनस टोरवाल्ड्स यांचं झाड आपल्या शाखेत ओढून तंटा परस्पर मिटवू नका. त्यांना तो स्वतः बघायचा असतो. तुम्ही विनंतीत तोडगा लिहून द्या, फार तर सोडवलेली शाखा वेगळी दाखवा.

रंकाळा : आणि ‘मर्ज विंडो’? खिडकी नको वाटते.

शिरोली : पाळी. पाटाच्या पाण्यासारखी. आवृत्ती निघाली की २ आठवडे पाळी, नवं काम तेवढ्यात आत घेतात, मग आरसी-१. पुढं साधारण दर रविवारी एक, बहुधा आरसी-७पर्यंत. पाळी पुन्हा यायला ९-१० आठवडे. पाळी सुरू झाल्यावर चारी खणायला घेऊ नये. माल आधीच लिनक्स-नेक्स्टमध्ये, म्हणजे पुढच्या पाळीच्या शाखा एकत्र तपासायच्या झाडात, फिरलेला हवा.

कळंबा : एक शब्द अजून हवा. गिटला तंटा दिसत नाही, पण सांधल्यावर बिल्ड (कोडमधून प्रोग्राम तयार होणं) मोडतो, त्याला काय म्हणायचं? ६.१ आवृत्तीत आय-टू-सी (चिपा जोडणारी दोन तारांची बस) ड्रायव्हरचं ‘रिमूव्ह’ फंक्शन ‘इंट’वरून, म्हणजे पूर्णांक परत देणारं, ‘व्हॉइड’, म्हणजे काहीच परत न देणारं, झालं. त्याच पाळीत दुसऱ्या शाखेतून जुन्या पद्धतीचा नवा ड्रायव्हर आला, तर फाइली वेगळ्या, म्हणून गिट गप्प. कंपायलर मात्र अडतो. दुरुस्ती त्या सांध्यातच करावी लागते, कारण कुठल्याही एका शाखेत ती बसत नाही.

शिरोली : मुका तंटा.

रंकाळा : घेतला.