मे महिन्यातली भिशी आणि काप्रेझे सॅलड: चीज कुठलं, टोमॅटो कुठले?

तिखटमीठ (पुणे)

मंडळी, या महिन्याची भिशी माझ्याकडे आहे. आम्ही बाराजणी. मागच्या दोन्ही घरी आमरस-पुरी झाली, त्यामुळे "तू काहीतरी गार आणि हलकं कर गं बाई" असा हुकूम सुटलाय. पास्ता मला येतो. त्याआधी टोमॅटो, मोझरेला आणि बेसिलचं ते इटालियन सॅलड करावं म्हणतेय, काप्रेझे.

पाककृती शोधायला गेलं तर सगळीकडे त्याच चार ओळी: काप करा, एकाआड एक रचा, तेल सोडा, खा. माझं घोडं त्याच्या आधीच पेंड खातंय. दुकानात मोझरेला तीन तऱ्हेचं दिसलं: पिझ्झ्यावर घालायचा पिवळट ठोकळा, किसलेलं पाकीट आणि पाण्यात बुडवलेले पांढरे गोळे. गोळ्यांची किंमत बघून परत ठेवले. घरचं पनीर चालेल का हो? मंडईत टोमॅटोही दोन तऱ्हेचे आहेत. लांबट आणि कडक, नाहीतर गावठी, चपटे, चुणीदार, पण पाणी फार. कुठले घेऊ?

बेसिल नाही मिळालं तर दारची तुळस घालावी का? (सासूबाईंच्या कानावर हा प्रश्न जाणार नाही अशी आशा.) आणि सगळं सकाळी रचून फ्रीजमध्ये ठेवलं तर? चारचं बोलावणं म्हणजे आमच्याकडे पाच धरायचं.

दोघीजणी कट्टर शाकाहारी आहेत, त्यातली एक प्रत्येक पाकीट वाचते. म्हणून तेही सांगा.

गरमागरम

फोडणी नाही, दाण्याचं कूट नाही, मिरची नाही. कोशिंबीर उपाशी राहिली म्हणायची. मी आपला वाचनमात्र.

सालेर्नोची_सून

तिखटमीठ, मी दक्षिण इटलीत सालेर्नोजवळ राहते. आमच्याकडे उन्हाळ्यात हे सॅलड म्हणून कुणी करत नाही, ते रात्रीचं जेवणच असतं. जुलै-ऑगस्टच्या उकाड्यात गॅसपाशी उभं कोण राहणार? ताटात हे, बाजूला पाव, संपलं. तेव्हा जरा पाल्हाळ लावते, सांभाळून घ्या.

पनीर घालू नका. पनीर वाईट म्हणून नाही, त्याची घडणच वेगळी म्हणून. लिंबाने दूध फाडायचं, चोथा दाबायचा, की कोरडी रवाळ वडी तयार. मोझरेलासाठी दूध रेनेटने (दूध बसवणारं एन्झाइम) घट्ट बसवतात, ते दह्यासारखं झालेलं दूध कापून थोडं आंबू देतात आणि मग जवळजवळ उकळत्या पाण्यात ताणतात. ताणायचं, घडी घालायची, पुन्हा ताणायचं. त्यामुळे आत पदर तयार होतात आणि पदरापदरात दुधाळ पाणी अडकून राहतं. इथे बात्तिपाल्याहून पेस्तुमकडे जाणाऱ्या रस्त्याला म्हशींचे गोठे आणि चीज करणाऱ्या डेअऱ्या आहेत. सकाळी तिथून आणलेला गोळा कापला की वरची साल आधी किंचित कुरकुरते, मग सुरीमागून पांढरे थेंब येतात आणि आतून कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. टोमॅटोचा रस, हे दूध आणि तेल ताटात एकत्र होतं तीच याची ड्रेसिंग. पनीरमधून काही सुटतच नाही, मग टोमॅटो एकीकडे आणि वडी एकीकडे.

म्हशीच्या दुधाचं ते 'मोझरेला दी बुफाला काम्पाना'. १९९६पासून त्या नावाला युरोपात कायद्याचं संरक्षण आहे. कासेर्ता आणि सालेर्नो हे त्याचे मुख्य जिल्हे. आपल्याकडे म्हशीचं दूध रोज चहात जातं हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ हळहळल्या होत्या.

पण खरी गंमत पुढे आहे. याच भागातली पुष्कळ माणसं काप्रेझेला म्हशीचं मोझरेला घालतच नाहीत. ते फार पाणी सोडतं म्हणतात, ते नुसतंच खावं. सॅलडला गाईच्या दुधाचं, त्याला फिओर दी लात्ते म्हणतात. सोरेंतोच्या वरच्या डोंगरात आजेरोला गाव आहे, तिथलं नावाजलेलं. आमच्या घरात यावर दर उन्हाळ्यात वाद होतो आणि मी फिओर दी लात्तेच्या बाजूने असते. तुमच्या दृष्टीने ही चांगली बातमी, कारण भारतात पाण्यातले जे गोळे मिळतात त्यातले बरेचसे गाईच्या दुधाचेच असतात. महाग वाटले तरी तेच घ्या. ठोकळा आणि कीस यांतलं पाणी मुद्दाम कमी केलेलं असतं, वितळायला ते झकास, कच्चं खायला रबर.

बाराजणींना सुरुवातीचं म्हणून २०० ग्रॅमची चार पाकिटं पुरतील, पाच घेतलीत तर हात सैल राहील. टोमॅटो दीड किलो.

टोमॅटो गावठीच. सॅलडचे इथले टोमॅटोही तसेच ओबडधोबड असतात. सोरेंतोचा एकेक टोमॅटो तळहातात मावत नाही, गुलाबीसर, चुण्या पडलेला, आणि देठाजवळ हिरवट असतानाच कापतात. लांबट सान मार्झानो जगप्रसिद्ध आहे खरा, पण तो सॉसचा. सॅलडला तो घेतला तर सासूबाई काही बोलणार नाहीत, फक्त बघतील.

काळं व्हिनेगर घालायचं मनात असेल तर आत्ताच काढून टाका. बाल्सामिक हे उत्तरेकडचं, मोदेनाचं. काप्रेझे म्हणजे काप्री बेटाचं, त्या बेटाशी बाल्सामिकचा काही संबंध नाही आणि ते घातलं की दुसरं काहीच लागत नाही. काप्रीला फार तर चिमूटभर वाळलेला ओरेगानो भुरभुरतात. पिझ्झ्याबरोबर आलेल्या पुड्या तुमच्या ड्रॉवरमध्ये असतीलच.

आणि सकाळी रचून फ्रीज तर अजिबातच नको. मोझरेला इथे शक्यतो फ्रीजमध्ये ठेवतच नाहीत. त्याच दिवशी आणायचं, त्याच्याच पाण्यात बाहेर ठेवायचं आणि संपवायचं.

जुन्नरी

नारायणगावकडचा शेतकरी आहे, टोमॅटोवर बोलायचा हक्क बजावतो.

आमच्या भागात उन्हाळी टोमॅटो भरपूर होतो. मंडईत तुम्हाला दिसतो तो हायब्रीड माल आम्ही लाल झाल्यावर तोडत नाही. हिरव्यावर नुसती गुलाबी झाक आली की तोडा, वीस किलोच्या क्रेटमध्ये भरायचा आणि गाडी लांबच्या बाजाराला. पिकलेला भरला तर पोचेपर्यंत खालच्या थराचा रस्सा होतो. जाड साल, कमी रस ही त्या जातीची खोड नाही, त्यासाठीच ती निवडलेली आहे. तुम्ही दोष देता तो आमचा गुण असतो, चालायचंच.

तेव्हा गावठी मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर भिशीच्या चार दिवस आधी हायब्रीड घ्या, देठाची बाजू खाली करून टोपलीत एका थरात पसरा, फ्रीजला लावू नका. गार जागेत ठेवला की त्याचा वास मरतो आणि कच्चा असेल तर पुढे नीट पिकतही नाही. रंग गडद झाला आणि देठापाशी अंगठा किंचित रुतला की तयार. किंवा भाजीवाल्याला सांगा, "मऊ पडलेले बाजूला काढलेत ना, ते दाखव." तुमच्या सॅलडचा टोमॅटो त्या ढिगात आहे आणि स्वस्तही आहे. फुटलेला किंवा काळा डाग पडलेला मात्र घेऊ नका.

विरजण (सातारा)

सालेर्नोताईंचं सगळं मान्य, एक सोडून. मोझरेला बाहेर ठेवा हे साताऱ्या-पुण्याच्या मे महिन्यात ऐकू नका. त्यांचं मोझरेला सकाळी केलेलं असतं, तुमचं कारखान्यातून दुकानात आणि दुकानातून घरी असा प्रवास करून आलेलं. स्वयंपाकघर ३८ अंशांवर असताना ओलं मऊ चीज तासन् तास बाहेर म्हणजे पोटाशी पैज. फ्रीजमध्येच ठेवा. वाढायच्या अर्धा तास आधी बंद पाकीट कोमट पाण्याच्या भांड्यात सोडा. गारठा निघतो, मऊपणा परत येतो.

शाकाहाराचं: इटलीतलं ते संरक्षित नावाचं मोझरेला वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने बसवतात, म्हणजे आयात केलेलं आणलंत तर मैत्रिणीला चालणार नाही. इथल्या बहुतेक कंपन्या सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट वापरतात. हिरवा ठिपका बघा आणि घटकांच्या यादीतही तसं लिहिलेलं असतं ते तिला दाखवा, म्हणजे ती आनंदाने वाचेल.

मी घरी करते, हौस म्हणून. हौस असेल तर एवढंच लक्षात ठेवा की टेट्रापॅकच्या दुधाचं मोझरेला होत नाही. ते इतकं तापवलेलं असतं की रेनेट घालून कितीही वाट बघा, दूध नीट बसत नाही. गवळ्याचं दूध घ्या, पण पाश्चराइझ करून: ६३ अंशांवर अर्धा तास, आणि लगेच थंड. भिशीच्या दिवशी पहिला प्रयोग करायचा बेत मात्र नको.

तिखटमीठ (पुणे)

किती छान उत्तरं! पनीर रद्द, काळं व्हिनेगर रद्द. जुन्नरीदादा, आज मंडईत जाऊन "मऊ पडलेले दाखव" म्हटलं. त्याने माझ्याकडे अशी नजर टाकली की ताईंचं डोकं फिरलंय. पण दिले, आणि वास खरंच देठापासून येतोय.

आता राहिलं बेसिल आणि तेल. घरात ऑलिव्ह ऑइलची बाटली आहे, त्यावर पोमेस लिहिलंय. चालेल? आणि पाणी सुटण्याचं काय करू? गावठी टोमॅटो आहेत, ताटात तळं होणार. बुराटा म्हणून एक दिसलं, ते याहून भारी असतं का?

सालेर्नोची_सून

विरजणताईंचं बरोबर आहे. माझ्या डोक्यात इथली सकाळ होती.

पोमेस नको. ऑलिव्हचं तेल काढून उरलेल्या चोथ्यातून पुन्हा काढून शुद्ध केलेलं ते तेल, तळायला ठीक. इथे तेल कच्चं खायचंय, तेव्हा एक्स्ट्रा व्हर्जिनची लहान बाटली घ्या, गडद काचेची. घशाशी जरा तिखट लागलं तर ते चांगलं समजा, खराब नाही.

पाणी सुटू द्या, पण तुमच्या सांगण्याने. टोमॅटोचे बोटभर जाडीचे काप करा, पातळ नको. पसरट ताटात मांडून फक्त त्यांनाच मीठ लावा, दीड किलोला दीड चहाचा चमचा पुरे, कारण चीजमध्येही थोडं असतं. ताटाची एक बाजू वाटीवर टेकवून दहा-पंधरा मिनिटं तिरकी ठेवा. खाली जमेल तो रस फेकू नका. चार-पाच मोठे चमचे रस, आठ चमचे तेल, काट्याने फेटलं की दाटसर होतं. मोझरेला सुरीने कापण्यापेक्षा हाताने फाडा, फाटलेल्या कडांना तेल धरतं, आणि चाळणीत पाच मिनिटं निथळू द्या. ही निथळणी मला फार महत्त्वाची वाटते. टोमॅटोचा रस चवीचा असतो, पाकिटातलं पाणी नुसतंच पाणी.

सगळ्याजणी बसल्या की मगच एकत्र करा. तयारी आधी होऊ शकते, रचना नाही. लाल-पांढरं-हिरवं असं ओळीने उभं करण्याचा अट्टाहास नको, झेंडावंदन नाहीये. पसरा, वरून तेल-रस ओता, पानं टाका.

तुळस नको, लवंगेसारखी उग्र लागते आणि घरात शांतता हवी आहे. बेसिल इंग्लिश भाज्या विकणाऱ्याकडे मिळेल. आणलंत की देठं पाण्याच्या पेल्यात, बाहेर. फ्रीजमध्ये पानं काळी पडतात. अजून महिनाभर वेळ असता तर कुंडीत सब्जा पेरा म्हटलं असतं, वनस्पती तीच आहे, वास थोडा बडीशेपेकडे झुकतो पण टोमॅटोवर शोभतो.

बुराटा पुलियातली, आंद्रिया गावची. बाहेर मोझरेलाची पिशवी, आत मोझरेलाच्या चिंध्या आणि साय. चविष्ट आहे, भारी म्हणाल तर पोटाला. पुढे पास्ता आहे ना तुमचा? मग नको.

विरजण (सातारा)

आणि तो पाकिटातला पांढरा पाणीदार भाग त्यांनी नुसतंच पाणी म्हटलं तरी ओतू नका हो. खारट नसेल तर रात्रीच्या पोळ्यांची कणीक त्यात भिजवा.

गरमागरम

वाचनमात्र राहता आलं नाही. एक विचारतो: त्या तिरक्या ताटात जमलेल्या रसात पाव बुडवला तर इटलीत कुणी हाकलून देतं का?

सालेर्नोची_सून

उलट. शेवटी पावाच्या तुकड्याने ताट पुसून खायला इथे 'स्कार्पेत्ता' म्हणतात आणि घरच्या जेवणात ते चालतंच. बाराजणींना एक पाव कमी पडेल, दोन आणा. गार्लिक ब्रेड पास्त्याबरोबर द्या, याच्याबरोबर साधाच.